अपघात भरपाईचा दावा चालू असताना फेसबुक-इन्स्टा बंद ठेवावं की नाही?

बार्देसकर

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज घातला की निवाडा होईपर्यंत अर्जदाराने समाजमाध्यमांवर काहीही टाकू नये. फोटो नको, स्टेटस नको, दुसऱ्याच्या फोटोखाली कमेंटही नको. कारणं देतो, विरोध करायचा असेल त्यांनी कारणांनिशी करावा.

दुखापतीच्या दाव्यात मोठी रक्कम बहुतेक वेळा इस्पितळाच्या बिलांची नसते, पुढच्या कमाईच्या नुकसानीची असते. समजा फोंड्यात स्वतःचं गॅरेज चालवणारा ३४ वर्षांचा माणूस आहे, कमाई महिना २०,००० रुपये. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के जोडले की २८,००० होतात. वर्षाचे ३,३६,०००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ५३,७६,०००. आता कामावर परिणाम करणारं अपंगत्व ३० टक्के धरलं तर १६,१२,८०० मिळतात आणि १० टक्के धरलं तर ५,३७,६००. पावणेअकरा लाखांचा फरक. न्यायाधिकरणाने ३० धरायचे की १०, हे अर्जदाराच्या शब्दावर किती विश्वास बसतो यावर बरंच अवलंबून असतं.

विमा कंपनीने नेमलेला तपासनीस एफआयआर, पंचनामा, चालकाचा परवाना, इस्पितळाचे कागद तपासतो. त्याचबरोबर अर्जदाराचं नाव फेसबुकवर टाकून बघतो. प्रोफाइल उघडं असेल तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. आपल्याकडे गोव्यात तर चवथीपासून (गणेशचतुर्थी) शिगम्यापर्यंत (होळीच्या वेळचा सण) प्रत्येक सणात फोटो काढणाऱ्यांची कमी नाही. अर्जात लिहिलेलं असतं ‘उजवा हात वर उचलता येत नाही’ आणि भाच्याने टाकलेल्या फोटोत मामा माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) बांधताना दिसतात. उलटतपासणीत हा एक फोटो पुढे आला की त्यानंतरचं प्रत्येक उत्तर संशयाने ऐकलं जातं.

दुसरा धोका शब्दांचा. अपघाताच्या रात्री नातेवाइकांच्या समाधानासाठी माणूस लिहितो, ‘देवाच्या कृपेने थोडक्यात बचावलो, काळजी नसावी.’ मेंदूला मार, आतला रक्तस्राव, मणक्याची दुखापत यांची लक्षणं दोन-तीन दिवसांनीही वाढू शकतात. पण तोवर ‘काही झालं नाही’ हे त्याच्याच हातचं लिखाण झालेलं असतं. कोणी भरात ‘घाई होती, चूक माझीच’ असं लिहून बसतो. तिथे सहभागी निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो आणि पूर्ण रक्कम त्या टक्क्यांनी कापली जाते.

म्हणून गप्प बसावं.


अंत्रुज

गणित बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. तुमचंच माटोळीचं उदाहरण घेऊ. निरोगी खांदा बाजूने १८० अंशांपर्यंत वर जातो. डॉक्टरांनी गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून १०० अंश मोजले आणि तसं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे अर्जदाराचा हात खांद्याच्या पातळीच्या थोडा वर जातो, हे त्याच्याच वैद्यकीय कागदात लिहिलेलं आहे. तरी अर्ज लिहिताना जोर यावा म्हणून कोणीतरी टाकतं, ‘हात अजिबात उचलता येत नाही.’ मग खांद्याच्या पातळीवर हात असलेला साधा फोटोही त्याला खोटं ठरवतो. फोटो नसता तरी डॉक्टरांच्या उलटतपासणीत ही विसंगती बाहेर आलीच असती.

सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईवर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवयवाचं ४५ टक्के अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि तो टक्का तसाच उचलून कमाईच्या नुकसानीला लावायचा नाही. आधी अर्जदार अपघातापूर्वी काय काम करत होता ते बघायचं, मग आता तो कोणतं काम करू शकतो आणि कोणतं नाही ते ठरवायचं.

प्रतिज्ञापत्र याच भाषेत लिहायला हवं. ‘गाडी लिफ्टवर घेतल्यावर खालून नट सोडवताना हात डोक्यावर धरावा लागतो, तो मिनिटभरही धरता येत नाही. पूर्वी एकट्याने उतरवत होतो तो गिअरबॉक्स आता दोघांशिवाय उतरत नाही. म्हणून मदतनीस ठेवावा लागला, त्याला महिना इतके द्यावे लागतात.’ असं लिहिणाऱ्याने चवथीत माटोळीला दोन नारळ बांधले म्हणून काय बिघडतं? ज्याचं प्रतिज्ञापत्र खरं आणि मोजकं आहे त्याने सण साजरे करणं बंद करू नये. मौनाचा सल्ला देऊन वकील स्वतःचं काम अर्जदारावर ढकलतात.


विमापक्ष

दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण इथे विमा कंपनी म्हणजे खलनायक असं गृहीत धरलं जातंय. खोटे आणि फुगवलेले दावे होतात. उत्तर प्रदेशात त्यांचं प्रमाण पाहून अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातलं. उघडं प्रोफाइल पाहणं हा साधा, स्वस्त आणि कायदेशीर तपास आहे.

पण कंपन्यांकडूनही हे काम फार ढिसाळपणे होतं. तपासनीस फोनवर स्क्रीनशॉट घेतो, व्हॉट्सअॅपवर वकिलांना पाठवतो आणि वकील त्याची रंगीत प्रिंट जोडतात. पानाचा पत्ता नाही, कोणत्या तारखेला पाहिलं याची नोंद नाही, मूळ फोन कोणाचा तेही नाही. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. भाग ‘अ’ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) कोणत्या पद्धतीने काढली तेही लिहायचं. जुन्या कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे अर्जुन पंडितराव खोतकर निकालात २०२० मध्येच ठरलं होतं. तरी अजून नुसत्या प्रिंट येतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे फोटो अर्जदाराला दाखवलाच जात नाही. त्याची उलटतपासणी संपते आणि नंतर कंपनीच्या साक्षीदारामार्फत फोटो आणला जातो. अर्जदाराला खुलाशाची संधीच न दिलेल्या फोटोला फारसं वजन येत नाही, आणि येऊही नये.


बार्देसकर

अंत्रुज, आदर्श प्रतिज्ञापत्र तुम्ही लिहिलंत, पण दावे त्या आदर्शावर चालत नाहीत. आणि विमापक्ष यांचं वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. प्रमाणपत्र नाही म्हणून फोटो बाहेर फेकला जाईल हा भरवसा दोन कारणांनी कच्चा आहे. एक, न्यायाधिकरणाची कार्यपद्धती कलम १६९ प्रमाणे संक्षिप्त आहे आणि पुराव्याचे नियम तिथे दिवाणी खटल्याइतके काटेकोर लागत नाहीत. ही सवलत अर्जदाराच्या सोयीची आहे, पण ती कंपनीलाही मिळते. दोन, साक्षीच्या पिंजऱ्यात फोटो दाखवून ‘हे तुम्हीच ना?’ विचारलं आणि अर्जदार ‘हो’ म्हणाला, की प्रमाणपत्राचा वाद तिथेच संपतो.

शिवाय पुष्कळ दावे निवाड्यापर्यंत जातच नाहीत, लोकअदालतीत मिटतात. तिथे साक्ष नाही, उलटतपासणी नाही, प्रमाणपत्र नाही. कंपनीचा अधिकारी टेबलावर चार फोटो ठेवतो आणि आकडा खाली आणतो. अर्जदाराला आपरेशनचं कर्ज फेडायचं असतं, तो सही करतो.


पेडण्याहून

एक थेट प्रश्न. दावा लावायचा आहे, जुने फोटो आणि पोस्ट काढून टाकाव्यात का? ओळखीतल्या एकाला सल्ला मिळालाय की अकाउंटच डिलीट कर.


अंत्रुज

नाही. डिलीट अजिबात करू नये.

न्यायालयात दाखल करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात येऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. तिथपर्यंत गेलं नाही तरी दिवाणी बाजूने प्रतिकूल अनुमान काढता येतं. जवळ असलेला पुरावा दिला नाही म्हणजे तो विरोधात गेला असता, असं धरायला कायदा मुभा देतो. आणि डिलीट केलेलं खरंच जातं कुठे? भाच्याच्या खात्यावर मूळ फोटो असतो, तपासनीसाकडे आधीच घेतलेला स्क्रीनशॉट असतो. मग फोटोपेक्षा ‘तुम्ही तो का काढलात?’ हा प्रश्न जड जातो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं प्रकरण यासाठी माहीत असावं. अलाइड काँक्रीट विरुद्ध लेस्टर. पत्नीच्या अपघाती मृत्यूचा दावा होता, वकिलाच्या कार्यालयातून पतीला फेसबुक साफ करायला सांगितलं गेलं आणि त्याने फोटो उडवले. पुढे ते फोटो सापडले. वकिलाला ५,४२,००० डॉलर आणि अर्जदाराला १,८०,००० डॉलर भरावे लागले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो भुर्दंड कायम ठेवला. आपल्याकडे एवढे दंड होत नाहीत. तरी विश्वासार्हतेचं नुकसान तेच.

करायचं ते असं. आधी सेटिंगमधून आपली पूर्ण माहिती डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे ही सोय आहे. फाइल तयार व्हायला वेळ लागतो आणि डाउनलोडची मुदत ठरलेली असते, तेव्हा सूचना आली की लगेच उतरवून घ्या. त्यानंतर खातं खासगी करा. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात ‘फक्त मित्र’ करायचा पर्याय आहे. टॅग झालेल्या पोस्ट स्वतः मंजूर केल्याशिवाय आपल्या पानावर दिसणार नाहीत असं सेटिंग ठेवा. खासगी करणं म्हणजे नष्ट करणं नव्हे, त्यात काही बेकायदा नाही.


विमापक्ष

एक पुरवणी. खातं खासगी केलं म्हणून त्यातला मजकूर न्यायालयाच्या हाताबाहेर जात नाही. कलम १६९ (२) प्रमाणे न्यायाधिकरणाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कंपनीने नेमका अर्ज केला, म्हणजे ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे, शारीरिक हालचाल दिसणारे फोटो’ असा, तर आदेश होऊ शकतो. ‘सगळं खातं द्या’ असला अर्ज मात्र मासे मिळतात का पाहायला टाकलेलं जाळं ठरतो आणि फेटाळला जायला हवा. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने फोरमन विरुद्ध हेन्किन (२०१८) मध्ये साधारण हीच रेषा आखली: खासगी असणं ही ढाल नाही, पण मागणी दाव्याशी संबंधित हवी.


मांडवीकाठ

इथे सगळे तपासनीसाचा अधिकार मान्य करूनच बोलताय, म्हणून खटकलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. अपघातग्रस्ताने भरपाई मागितली म्हणून त्याच्या घरातल्या चवथीचे, बायकोमुलांचे फोटो अनोळखी माणसाने साठवून ठेवावेत का?

आणि तपास उघड्या प्रोफाइलवर थांबतो असं नाही. बनावट नावाने फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणं, शाळासोबती असल्याचं भासवणं, नातेवाइकाच्या फोनवरून स्टेटस पाहणं, हे सगळे ठाऊक असलेले मार्ग आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क लागतं, तोतयेगिरी करून फसवलं तर ६६-ड. अर्जदाराच्या वकिलाने उलटतपासणीत तपासनीसाला साधा प्रश्न विचारावा: ‘ही पोस्ट फक्त मित्रांना दिसणारी होती, तुम्हाला कशी दिसली?’


विमापक्ष

प्रश्न जरूर विचारावा, पण त्याने पुरावा बाद होईल असं नाही. पुरावा चुकीच्या मार्गाने मिळवला एवढ्या कारणाने तो अग्राह्य ठरत नाही, ही आपली भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या पूरनमल निकालापासून (१९७४) चालत आली आहे. २०१७ नंतर ती बदलावी असं म्हणणं वेगळं, ती बदलली असं समजून चालणं वेगळं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही स्वतःहून जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि कायदेशीर दावा चालवण्यासाठी केलेल्या वापराला बरीच सूट दिली आहे.


मांडवीकाठ

म्हणजे ज्याला हाड मोडलं त्याने लपून राहायचं आणि बनावट नावाने त्याच्या यादीत शिरणाऱ्याने ऐटीत साक्ष द्यायची. कायदा आज असा आहे हे कळलं, तो योग्य आहे हे मी मानत नाही. तपासनीसाने प्रत्येक स्क्रीनशॉट कोणत्या खात्यावरून, कोणत्या तारखेला घेतला याचं शपथपत्र सक्तीचं करावं, एवढी किमान मागणी तरी वकील संघटनांनी लावून धरावी.


सांधेपारखी

फोटो कसा वाचायचा यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. माटोळीच्या फोटोत हात वर दिसतो. तो खांद्यातून किती वर गेला आणि बाकीचं शरीर किती कललं हे बघायला हवं. खांदा आखडलेला माणूस हात वर न्यायला खांदा कानाकडे उचलतो, कंबर दुसऱ्या बाजूला झुकवतो आणि हात लाकडाच्या चौकटीवर टेकवून धरतो. टेकवलेला हात वर राहणं आणि स्वतःच्या ताकदीने वर धरणं यात मोठा फरक आहे. फोटो समोरून असेल तर हे डोळ्याला कळतही नाही.

फोटो एका क्षणाचा असतो. त्याआधी घेतलेली गोळी त्यात दिसत नाही आणि रात्री सुजलेला सांधाही दिसत नाही. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरनंतर माणूस फुगडीच्या दोन फेऱ्या घालू शकतो. दिवसभर दुकानात उभं राहणं त्याला जमेलच असं नाही. उपचारांत आपण त्याला हालचाल करायलाच सांगतो. सहा-आठ आठवडे हात झोळीत ठेवलेल्या माणसाने त्यानंतरही हात हलवला नाही तर खांदा कायमचा आखडू शकतो. मग ‘कोणी फोटो काढेल’ या भीतीने लोक देवळात जात नाहीत, चालायला बाहेर पडत नाहीत. बार्देसकर, तुमचा पूर्ण मौनाचा सल्ला प्रत्यक्षात घरात कोंडून घेण्याचा सल्ला होतो, आणि ते शरीराला घातक आहे.

यावर उपाय म्हणजे साधी वही. दर आठवड्याला फिजिओथेरपीत मोजलेले अंश, किती मिनिटं उभं राहता आलं, दहापैकी वेदना किती, कोणती गोळी घेतली. तारीख आणि मोजणाऱ्याची सही. चवथीच्या आठवड्याची नोंद ‘माटोळीनंतर दोन दिवस वेदना ७, हात ९० अंशांवर अडला’ अशी असेल, तर तो फोटो अर्जदाराच्याच बाजूने बोलतो. ही नोंद त्याच वेळी केलेली हवी. दोन वर्षांनी एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली वही ओळखू येते.


साष्टीकर

सगळी चर्चा अर्जदाराच्या पोस्टवर अडकली आहे. समोरच्याच्या पोस्टचं काय?

गोव्यात खासगी नंबरप्लेटची स्कूटर पर्यटकाला भाड्याने देण्याचे प्रकार सर्रास चालतात. अपघात झाला की मालक म्हणतो, ‘मित्राला नेहमीप्रमाणे चालवायला दिली.’ पण भाड्याचा दर ठरवल्याचा चॅट असतो, नाहीतर मालकाच्या पानावर गाड्यांची जाहिरात असते. पॉलिसीच्या अटीचा भंग हा कंपनीचा बचाव आहे, त्यामुळे तो चॅट कंपनीलाही हवा असतो. तिऱ्हाईत जखमीच्या बाबतीत बऱ्याचदा कंपनीने आधी रक्कम भरायची आणि मग मालकाकडून वसूल करायची असा आदेश होतो. अर्जदाराने हे समजून घेऊन वकिलाला आधीच सांगावं, सुनावणीत पहिल्यांदा कळू नये.

चालकाच्या त्या रात्रीच्या स्टोरीही महत्त्वाच्या. शॅकमधला ग्लास हातात घेतलेला फोटो म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असल्याचा पुरावा नव्हे, त्याला रक्ततपासणीच लागते. पण ‘मी संध्याकाळपासून घरीच होतो’ हे म्हणणं त्याने खोडून निघतं. स्टोरी २४ तासांत जाते. दिसली की लगेच जपावी, खात्याचं नाव, वेळ आणि पानाचा पत्ता दिसेल असा पूर्ण स्क्रीन घ्यावा आणि तो फोन विकू नये.

जागेचे फोटो फेसबुकवर टाकून ‘पुरावा जपला’ असं लोक समजतात. तसं नसतं. फेसबुकवर टाकलेल्या किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून वेळ, ठिकाण, कॅमेरा ही आतली माहिती निघून जाते आणि फोटो दाबून लहान केला जातो. घसटल्याच्या खुणा, काचांचा सडा, रस्त्यावरचा खड्डा यांचे मूळ फोटो फोनमध्येच ठेवावेत आणि वकिलांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. पोलिसांनाही लवकर द्यावेत. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. त्यात फोटो लागले तर पुढे वाद कमी.

आणि अपघातापूर्वीच्या पोस्ट! जीवनातल्या आनंदाला मुकल्याची भरपाई हे राज कुमार निकालात सांगितलेलं स्वतंत्र शीर्ष आहे. दशावतारात काम करणाऱ्याचे जुने व्हिडिओ, फुटबॉल खेळणाऱ्याचे सामन्याचे फोटो याच्याइतका चांगला पुरावा कोणता? तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) माणसाचं उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. घोट्याच्या दुखापतीने त्याला जहाजासाठीचं वैद्यकीय फिटनेस मिळालं नाही की त्याची बोटीवरची नोकरीच गेली. मग तो घराच्या पायऱ्या चढतानाचा रील दाखवून काय सिद्ध होणार? जहाजाच्या उभ्या शिड्या आणि डोलणारा डेक वेगळा. जुन्या पोस्ट डिलीट करणारा माणूस हा सगळा आधार स्वतःच्या हाताने घालवतो.


बार्देसकर

साष्टीकरांचा मुद्दा मोठा आहे आणि तो मला पूर्ण मान्य. जुनं जपावं. सांधेपारखी यांची वहीही प्रत्येक अर्जदाराच्या हातात असावी. पण यातलं काहीच नवीन पोस्ट टाकण्याच्या बाजूचं नाही. वही ठेवा, देवळात जा, चाला. मी पोस्ट करू नका म्हणतोय. घराबाहेर पडू नका असं मी म्हटलेलं नाही.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी तर जास्तच जपावं. अर्जात ‘सहा महिने काम पूर्ण बंद’ आणि होमस्टेच्या पानावर त्याच महिन्यांत ‘सर्व खोल्या बुक, आभारी आहोत’. कदाचित बहीण पान चालवत असेल, कदाचित बुकिंग आधीची असेल. खुलासा करता येतो, पण बँकेचं स्टेटमेंट, मदतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, बहिणीची साक्ष, एवढं सगळं त्यासाठी उभं करावं लागतं.


अंत्रुज

मग तिथेही अर्ज नीट लिहा. ‘काम बंद’ लिहू नका, ‘बहिणीने चालवलं, उत्पन्न इतकं घटलं, बाहेरच्या माणसाला इतके द्यावे लागले’ असं लिहा. आणि पान अचानक वर्षभर गप्प झालं तर धंदा खरोखर बुडतो, ते नुकसान कोण भरून देणार?

तुमच्या ‘निवाडा होईपर्यंत’ या मुदतीलाही माझा आक्षेप आहे. निवाड्यानंतर ९० दिवस अपिलाची मुदत असते. कंपनीने पर्वरीला उच्च न्यायालयात अपील केलं तर पुढची काही वर्षं गेली, आणि तिथे जादा पुरावा आणू द्यावा असा अर्जही ती करू शकते. एवढा काळ तरुण माणूस गप्प राहणार नाही. न पाळता येणारा नियम दिला की तो पहिल्या चवथीलाच मोडतो, आणि मग कशावरच लक्ष राहत नाही. त्यापेक्षा थोडकं सांगावं: अपघात, दुखापत, चूक कोणाची, डॉक्टर, वकील, तडजोडीची रक्कम यावर एक शब्द नको. जुना फोटो ‘मेमरी’ म्हणून टाकू नका, कारण स्क्रीनशॉटमध्ये आजची तारीख वर आणि मूळ तारीख खाली बारीक दिसते, कापताना तीच जाते. बाकी आयुष्य चालू ठेवा.


पेडण्याहून

घरच्यांनी टाकलेल्या फोटोंचं काय करायचं? आणि दावा अजून लावलेलाच नसेल तर हे सगळं कधीपासून पाळायचं?


बार्देसकर

अपघाताच्या दिवसापासून. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नये, अर्ज सहा महिन्यांतच घालावा.

घरच्यांना एकदा बसवून सांगावं की टॅग करू नका, इस्पितळातले फोटो टाकू नका, आणि ‘आता बरा आहे’ असं लोकांना लिहून कळवू नका, फोनवर सांगा. आधीच टाकलेला फोटो मात्र त्यांना डिलीट करायला सांगू नये. त्यांनी तो ‘फक्त मित्र’ करावा.


अंत्रुज

यावर आपलं एकमत आहे. फक्त एक जोड: त्या फोटोची मूळ प्रत ज्याने काढला त्याच्याकडून मागून घ्या आणि वकिलांना अर्ज लिहायच्या आधी दाखवा, उलटतपासणीच्या आदल्या दिवशी नव्हे. कोणत्या तारखेला, कोणी काढला, त्या आठवड्यात उपचार काय चालू होते, हे फोटोच्या मागे लिहून ठेवा. वकिलाने तो फोटो आधी पाहिलेला असेल तर ‘हात अजिबात उचलता येत नाही’ हे वाक्य अर्जात जाणारच नाही.